कोठाराचं प्रकरण

रायपूरच्या सदर बाजारात सोनाराच्या दुकानावर असलेल्या त्या लहानशा ऑफिसात येणारी माणसं बहुतेक करून नवऱ्याच्या नाहीतर भागीदाराच्या मागावर असत. त्यामुळे बाविशीतली एक मुलगी पुठ्ठ्याचं खोकं छातीशी धरून जिना चढून आली, तेव्हा गुलाबराव गजभियेंना वाटलं, कुरिअरवाली असेल.

मुलीनं खोकं टेबलावर ठेवलं आणि ती उभीच राहिली.

"पद्मजा देशकर तुम्हीच ना? मले चोर शोधून पाहिजे."

"काय गेलं?" पद्मजाताईंनी विचारलं.

"पानं."

तिनं खोक्यातून एक पुस्तक काढलं. काळं वेष्टन, त्यावर धुरात बुडालेला किल्ला आणि किल्ल्याच्या दारात पाठमोरी लहान मुलगी. नाव होतं 'धूम्रगडची धाकटी'. खाली लेखिकेचं नाव, अनुश्री काळमेघ.

"हे तुझं?"

"हव. पहिलंच. नागपूरच्या प्रकाशकानं दीडशे प्रती घरी पाठवल्या. रविवारी प्रकाशन आहे. काल वाचायले उतारा शोधून राहिली होती, तं प्रकरणच नाही! दुसरी प्रत पाहिली, तिसरी पाहिली. सगळ्यांतून एकच प्रकरण कापलेलं."

पद्मजाताई विमा कंपनीत खोटे दावे पकडण्यात उमेदीची वर्षं घालवून मग खासगी तपासाचं स्वतःचं दुकान थाटून बसल्या होत्या. वस्तू हातात आली की त्या आधी बराच वेळ बोलत नसत. गुलाबराव रेल्वेत गार्ड होते. निवृत्तीनंतर वेळ जात नाही म्हणून ते ताईंबरोबर हिंडत. त्यांना सगळं कळे, पण गाडी सुटून गेल्यावर.

ताईंनी भिंग घेतलं. पानं शिवणीपासून सारख्या अंतरावर, अगदी सरळ कापलेली होती. उरलेल्या पट्टीवर केसाएवढी बारीक निळी रेघ होती. गुलाबरावांनी बोट फिरवलं, तर बोटाला निळसर भुकटी लागली.

"खडू आहे, ताई."

"अन् हे पाहा." कापलेल्या जागेच्या आधीच्या पानावर, वरच्या कोपऱ्यात पेन्सिलची फिकट खूण होती, मुंगी भेलकांडत गेल्यासारखी. त्यांनी आणखी चार प्रती उघडल्या. प्रत्येकीत तीच खूण, तशीच वेडीवाकडी.

"कोणतं प्रकरण होतं?"

"कोठाराचं." अनुश्री आता बसली. "धूम्रगडात राज्य एकाच लेकराले भेटते. दुसऱ्याचं नावसुद्धा कोणी घेत नाही. थोरला राजपुत्र मरते, कसा ते सांगत नाही. धाकटी, तिचं नाव सावली, वारस म्हणून वाढते. सगळा दरबार तिच्याशी लय गोड वागते. मग राज्याभिषेकाच्या आधी तिले आठवते, की लहानपणी दादा कोठारात लपला होता, अन् बाहेरचा अडसर तिनंच टाकला होता. खेळता खेळता. सगळ्याले माहीत होतं, फक्त तिले सोडून. तेच प्रकरण गेलं."

"हे प्रकरण नसलं तर?"

"कादंबरी वाचता येते. फक्त ती पोट्टी एवढी उदास काहून आहे, ते कळत नाही."

पद्मजाताईंनी पुस्तक मिटलं. "प्रती आल्या तेव्हा नीट होत्या?"

"हव. त्याच दिवशी रीनानं एक नेली. मुखपृष्ठ तिचंच आहे. तिची प्रत पूर्ण आहे, मी विचारलं. बाकीचे गठ्ठे आई-बाबांच्या खोलीत ठेवले होते. मी दिवसभर नवा रायपूरले ऑफिसात असते."

"कोणावर संशय?"

मुलगी घुटमळली. "शिशिरकाकावर. त्याले हस्तलिखित वाचायले पाठवलं तेव्हापासून बोलत नाही माह्याशी. म्हणे, पुस्तकातला दुष्ट राजप्रतिनिधी म्हणजे मीच. छापू नको म्हणे."

*

काळमेघांचं घर चौबे कॉलनीत होतं. नरहरी काळमेघ पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, उंच आणि वाकलेले. त्यांनी हाताला हात दिला तेव्हा तो कबुतरासारखा फडफडत होता. चहा आला, तर बशीत अर्धा सांडला.

"ही बिमारी आहे," ते ओशाळून म्हणाले. "सही बी होत नाही आता धड."

वनमालाबाई डोळ्यांवर हिरवा चष्मा लावून खुर्चीत बसल्या होत्या. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं लागोपाठ झाली होती. "माणूस दिसते," त्या म्हणाल्या, "अक्षर नाही दिसत. लेकीचं पुस्तक आलं, अन् मले वाचता येत नाही, पाहा नशीब."

"कोणी वाचून दाखवलं नाही?"

"दाखवलं ना ह्यांनी. थोडं थोडं."

नरहरी कपाकडे पाहत राहिले.

भिंतीवर सात-आठ वर्षांच्या मुलाचा फोटो होता. त्याला ताजा हार घातलेला. पद्मजाताईंची नजर तिकडे गेलेली पाहून वनमालाबाई आपणहून म्हणाल्या, "पियुष. अनुचा मोठा भाऊ. वैशाखाच्या उन्हात लू लागली त्याले. ही चार वर्षांची होती, हिले काही आठवत नाही." शेवटचं वाक्य त्या जरा घाईनं बोलल्या, असं गुलाबरावांना वाटलं. पण ते बाथरूम शोधत होते.

बाथरूमच्या दाराला आतून कडी नव्हती. बाहेरूनही नव्हती. जिथं असायला हवी तिथं लांबी भरून रंग दिलेला होता. ते गोंधळून परत आले, तर अनुश्री हसली.

"काका, आमच्या घरी आत असलं की गाणं म्हणा लागते. कोणत्याच दाराले कडी नाही. बाबाले आवडत नाही."

मग गुलाबरावांनी आत जाऊन बेधडक भीमगीत म्हटलं. परतताना ते पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. तांदळाचं पिंप उघडं होतं, वर नुसतं धुतलेलं फडकं बांधलेलं. घर एवढं टापटीप, आणि तांदळाला झाकण नाही! उंदरांची चंगळ, असं मनात म्हणत ते बाहेर आले.

पद्मजाताई वनमालाबाईंच्या बाहीकडे पाहत होत्या. "ब्लाउज छान बसला आहे. शिवता का?"

"पहिले शिवत होती. आख्खी कॉलनी माह्याकडं येत होती. मशीन विकून टाकली."

"कधी?"

"अनु शाळेत जायच्या आधी."

"काहून सोडलं?"

"डोळे," वनमालाबाई म्हणाल्या.

*

रीना एका खासगी शाळेत चित्रकला शिकवत होती. मधल्या सुट्टीत ती फळा पुसत भेटली. तिची आजी वर्धेची. मराठी तिला सगळं कळे, पण जिभेवर हिंदीच येई. तिचे तळहात निळे झालेले पाहून गुलाबरावांनी ताईंना कोपरानं ढोसलं.

"दीदी, मैं क्यों काटूँगी?" रीना म्हणाली. "कव्हर पे मेरा नाम छोटा छापा, उसका गुस्सा है मुझे. हव, है. पर गुस्सा होता तो कव्हर फाड़ती ना? अंदर का क्यों?"

तिनं आपली प्रत काढून दिली. ती अखंड होती. "ये चॅप्टर पढ़ के मैं रोई थी. एडिटर ने बोला था इसमें एक गलती है, अनु ने बदलने ही नहीं दिया."

"कोणती चूक?"

"कोठार पत्थर का है, और अंदर से ठोकने की आवाज़ टिन जैसी. एडिटर बोला, पत्थर ऐसे नहीं बजता. अनु बोली, मुझे तो ऐसे ही सुनाई देता है."

बाहेर पडल्यावर गुलाबराव म्हणाले, "हात पाहिले का, ताई? निळे!"

"पाहिले. फळ्यावरची रेघ पण पाहिली का? बोटाएवढी जाड होती."

गुलाबरावांनी रेघ पाहिली नव्हती.

*

शिशिर काळमेघ उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमध्ये सुपरवायझर होते. फाटकाबाहेर ट्रकांची रांग होती, चहाच्या ग्लासवर काळी धूळ बसत होती. गडी धिप्पाड, आवाज त्याहून मोठा.

"हव, भांडलो मी! काकाले व्हिलन बनवते का? मी म्हटलं छापू नको. पण पानं कापायले मी काय भुरटा चोर आहो का?"

"राजप्रतिनिधी म्हणजे तुम्हीच, हे कशावरून ओळखलं?" पद्मजाताईंनी विचारलं. "तो एका डोळ्यानं आंधळा आहे, बुटका आहे."

"लोकं समजतात ना बरोबर. राज्य गिळायले बसला आहे तो."

"शेवटी त्याचं जे होतं, ते वाचून तर तुम्हाला जास्तच राग आला असेल."

"हव तं! पोरीच्या विरोधात जाते, अन् मरते कुत्र्याच्या मौतीनं. वाचलं मी."

चहा संपवून उठता उठता पद्मजाताईंनी सहज विचारलं, "पियुष कशानं गेला हो?"

शिशिरच्या हातातला ग्लास तोंडापाशीच थांबला. "ताप होता. मेंदूत गेला." मग ट्रकवाल्यावर उगाच ओरडत तो फाटकाच्या आत निघून गेला.

*

त्या दुपारी पद्मजाताईंनी रीनाची प्रत शेवटपर्यंत वाचली. कोठाराचं प्रकरण दोनदा वाचलं. मग त्यातला एक तुकडा त्यांनी गुलाबरावांना वाचून दाखवला.

'आतून ठोके येत राहिले. पावसाचे थेंब पत्र्यावर पडावेत तसे आधी दाट, मग विरळ. वरच्या दालनात राणीचा माग चालू होता, खडखड, खडखड. मागाच्या आवाजात ठोके बुडून गेले. सावली आंबा खात पायरीवर बसली होती. दादा अजून हसत असेल, असं तिला वाटत होतं.'

खाली रस्त्यावर हॉर्न वाजत होते. ताईंनी खिडकी लावून घेतली.

"ताई, माह्या हिशेबानं रीनाच," गुलाबराव म्हणाले. "दुसऱ्या कोणाकडं खडू आहे?"

"गुलाबराव, हे काम घ्यायलाच नको होतं."

त्यांनी अनुश्रीला फोन लावला. प्रकाशक नव्या प्रती छापून देईल, माझी फी नको, हा विषय इथंच सोड, असं त्या तिला समजावत होत्या. एवढ्या मऊ आवाजात ताईंना बोलताना गुलाबरावांनी कधी ऐकलं नव्हतं. पलीकडचा आवाज मात्र चढत गेला. "म्हणजे तुम्हाला कळलं आहे. मले नाही सांगणार? मग मी घरच्या एकेकाले उभं करून विचारते."

ताईंनी डोळे मिटले. "असं नको करू. मी येते. काकाला पण बोलावून घे."

जिना उतरताना त्यांनी गुलाबरावांना काय ते सांगितलं. गुलाबराव मधल्या पायरीवर बसले. "ताई," ते म्हणाले, "खोटं सांगा ना काही. रीनाचं नाव घ्या. पोरगी चार दिवस रुसेल अन् विसरून जाईल."

"अन् रीनाचं काय? शिवाय ही पोरगी विसरणाऱ्यातली नाही. विसरली असती तर पुस्तक झालं असतं का?"

*

बैठकीच्या खोलीत सगळे बसले होते. गठ्ठे भिंतीशी रचलेले. शिशिर दाराशी उभा. दार नुसतं लोटलेलं.

"अनुश्री," पद्मजाताई म्हणाल्या, "मी फक्त कोणी अन् कसं, एवढं सांगीन. काहून, ते माह्याकडून ऐकू नको."

मुलीनं मान हलवली.

"पुस्तकावर राग असलेला माणूस पानं फाडतो, जाळतो. इथं कापणाऱ्यानं शेजारच्या पानाला ओरखडासुद्धा पडू दिला नाही. एकच प्रकरण उचललं, अन् असं, की उरलेली गोष्ट वाचता यावी. म्हणजे पुस्तकावर, लिहिणारीवर त्याची माया आहे. रीनाला राग होता तो मुखपृष्ठाचा, अन् तिला प्रकरण आवडलं होतं. शिशिरभाऊंना पुस्तकच नको होतं, ते एक प्रकरण काढून थांबले नसते. शिवाय गठ्ठे होते आतल्या खोलीत, अन् दीडशे प्रती कापायला कितीतरी दुपारी गेल्या असतील. बाहेरच्या माणसाला ते जमणार नाही."

शिशिर पुढं आला. "तो मी होतो. मीच कापले. झालं समाधान?"

"थांबा, भाऊ." ताईंनी एक प्रत उघडली. "ही निळी रेघ केसाएवढी आहे. शाळेच्या गोल खडूची अशी येत नाही. हा चपटा खडू, शिंप्याचा. आधी पट्टी ठेवून रेघ मारायची, मग रेघेवरून पातं चालवायचं, ही कापडावर बसलेली सवय आहे. वनमालाताई, मशीन विकली तरी खडू ठेवला होता ना?"

वनमालाबाईंनी पदर सावरला.

"आईले अक्षर दिसत नाही!" अनुश्री म्हणाली.

"नाही दिसत. म्हणून नेमकं पान तिला एकटीला सापडलं नसतं. तुझ्या बाबांना दिसतं, पण त्यांच्या हातून सरळ काप निघणार नाही. दोघांपैकी एकट्याच्यानं हे होण्यासारखं नव्हतं. म्हणून आधीच्या पानावर ती पेन्सिलची खूण आहे, थरथरत्या हाताची. एकानं पान शोधून द्यायचं, दुसरीनं हातानं चाचपून कापायचं. दोघांनी समोरासमोर बसून केलं हे."

मग वनमालाबाईंनी हिरवा चष्मा काढून मांडीवर ठेवला.

अनुश्री उठून उभी राहिली. तिचा चेहरा आधी लाल झाला. "तुम्ही? दोन वर्षं लिहिलं मी ते! तुमच्यासमोर बसून लिहिलं! आवडलं नव्हतं तं तोंडानं सांगायचं ना. काहून केलं?"

नरहरींनी बायकोकडं पाहिलं.

"मी सांगितलं म्हणून," शिशिर पुन्हा म्हणाला. "माही बदनामी होत होती. तो राजप्रतिनिधी..."

"काका," अनुश्री त्याच्याकडं वळली, "राजप्रतिनिधी शेवटी काय करते?"

"काय करते म्हणजे? तुह्या विरोधात... त्या पोरीच्या विरोधात जाते."

"तो तिच्यासाठी जीव देते. तिच्या दारात उभा राहून मरते. तोच एकटा तिच्या बाजूनं असते." ती त्याच्याकडं पाहत राहिली. तिच्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू उतरत गेला आणि त्या जागी दुसरंच काहीतरी येऊ लागलं. "तुम्ही पुढं वाचलंच नाही. कुठं थांबले तुम्ही?"

शिशिर खाली पाहू लागला.

"कोठारापाशी थांबले ना?"

गुलाबरावांना वाटलं, उठावं आणि या पोरीचं तोंड दाबावं. पण ती आता कोणाकडंच पाहत नव्हती. ती दाराकडं पाहत होती. जिथं कडी नव्हती तिथं लांबीचा गुळगुळीत डाग होता, त्याच्याकडं.

"मले पत्र्याचा आवाज येते," ती म्हणाली. "लहानपणापासून. मले वाटे, स्वप्न आहे. अन् मागाचा... आपल्याकडं माग नव्हता कधी." ती आईसमोर खाली बसली. "आई, तू शिवण काहून सोडलं? डोळे तं आता गेले तुझे."

वनमालाबाईंनी हात पुढं केला, तो हवेतच राहिला.

"ठोके ऐकू नाही आले, माये," त्या म्हणाल्या. "मशीन चालू होती. लग्नाचे ब्लाउज होते. ऐकूच नाही आले मले."

"दादा कशात होता?"

"गव्हाच्या कोठीत," नरहरी म्हणाले. "लोखंडी कोठी. रिकामी होती, धुवून वाळवत ठेवली होती. मीच बाजारातून आणली होती, कडीवाली. उंदीर जात नाही म्हणून." त्यांचा हात गुडघ्यावर आपटत होता आणि त्यांना तो थांबवता येत नव्हता.

"कडी कोणी लावली?"

नरहरींनी तिच्याकडं पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

"मी?"

"तू चार वर्षांची होतीस," वनमालाबाई म्हणाल्या. "लपाछपी खेळून राहिले होते दोघं. तू पायरीवर आंबा खात बसली होतीस. मी विचारलं, दादा कुठं आहे? तं तू हसलीस. म्हणालीस, सांगणार नाही."

अनुश्रीच्या तोंडून जो आवाज निघाला, तो रडण्याचा नव्हता. काहीतरी जड वस्तू ओढत न्यावी तसा तो होता. शिशिर भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

"सगळ्याले सांगितलं, लू लागली," नरहरी सांगत होते. "शिशिर म्हणाला, ताप सांगू. ठरलंच नाही नीट, कोण काय सांगणार ते. क्वार्टर सोडलं. म्हटलं, पोरीले कधी कळू द्यायचं नाही. एक लेकरू गेलं, दुसरं यातून जाऊ नये. अन् मग हे पुस्तक आलं. मी हिले वाचून दाखवत होतो, हौसेनं. कोठारापाशी आलो, तं माह्यानं पुढं वाचणं होईना. हीच म्हणे, वाचा. वाचा, थांबू नका. राणीचा माग आला, तशी ही उठून आत गेली."

"मले वाटलं, तुले सगळं आठवते," वनमालाबाई म्हणाल्या. "आठवते अन् तू मले दोष देऊन राहिली. पण विचारू कशी? आठवत नसेल अन् मी विचारलं, तं मीच सांगितल्यासारखं होते. रविवारी अकोल्याचे सगळे नातेवाईक येणार. त्याईले माहीत आहे. कोणीतरी तुह्या गळ्यात पडून बोललं असतं. म्हटलं, तेवढा दिवस निभावू. मग पाहू."

"मले आठवत नव्हतं," अनुश्री म्हणाली. "देवाशपथ, आई. मी बनवून राहिली होती. मले वाटलं, माह्याच डोक्यातून आलं सगळं." मग ती म्हणाली, "सगळा दरबार तिच्याशी गोड वागते, असं लिहिलं मी. नवी सायकल. शाळेची सहल. वाढदिवसाले दोन दोन ड्रेस. राज्य मलेच भेटलं. त्याच्या वाट्याचं बी मलेच."

आईनं तिच्या केसांना हात लावला. अनुश्रीनं डोकं मागं घेतलं. पद्मजाताईंनी मान फिरवली, आणि गुलाबरावांना पहिल्यांदाच दिसलं की ताईंना कुठं पाहावं ते कळत नाही.

"कुठं नेलं त्याले?" अनुश्रीनं विचारलं.

"महादेव घाटावर," शिशिर म्हणाला. "मी नेलं. ह्या दोघांची तशी स्थिती नव्हती."

"मले तिथं न्या. आताच."

ती चपला घालून दारात उभी राहिली आणि पद्मजाताईंना म्हणाली, "तुम्ही पण चला, ताई. मले ह्यांच्यासोबत एकटीनं नाही बसता येणार."

*

शिशिरच्या गाडीत सहा जण दाटीवाटीनं बसले. सिग्नलला गाडी थांबली की नरहरींचा हात दरवाजावर टकटक वाजे. मग त्यांनी तो दुसऱ्या हातानं धरून ठेवला.

कादंबरी पुढं निघाली, सगळ्या पानांसकट, पण ते बरंच नंतर. त्याआधी अनुश्री महिनाभर रीनाकडं राहिली. वनमालाबाई रोज डबा पाठवत, आणि तो कधी भरलेला परत येई, कधी रिकामा. गुलाबरावांनी त्या प्रकरणानंतर ताईंना एकदाच विचारलं, आपण बरोबर केलं का. ताई म्हणाल्या, मला माहीत नाही. तेव्हापासून त्यांनी कधी विचारलं नाही.

त्या दिवशी खारून नदीला पाणी कमी होतं. घाटावर लोकं नावेत बसत होती, भेळ खात होती. शिशिर सगळ्यांना थोडं पुढं घेऊन गेला, जिथं गर्दी नव्हती. बाभळीच्या खाली त्यानं बोट दाखवलं. तिथं काहीच नव्हतं, वाळू होती.

अनुश्री तिथं उभी राहिली. तिला काय करावं ते समजत नव्हतं. हात जोडले, सोडले. मग ती पाठमोरीच म्हणाली, "मी त्याले काय म्हणत होते?"

वनमालाबाईंना प्रश्न कळायला वेळ लागला.

"दादा म्हणत नव्हतीस. नाव घ्यायची. पण पियुष म्हणता येत नव्हतं तुले. 'पिऊस' म्हणायची. तो लय चिडायचा." त्या पुढं सरकल्या, वाळूत चाचपडत, आणि या वेळी मुलीनं त्यांना येऊ दिलं. "चिडायचा, अन् तरी पहिल्या हाकेले ओ द्यायचा."

अनुश्रीनं ते नाव आधी नुसत्या ओठांनी म्हणून पाहिलं. मग नदीकडं तोंड करून हाक मारली. आवाज फुटला नाही. गुलाबराव पाठ फिरवून उभे राहिले.

मग तिनं पुन्हा मारली, मोठ्यानं.